भंगारवाल्याला शेवटी बोलवा: पुनर्विकासात जाणारं घर रिकामं करण्याची रीत

जागा रिकामी करायची नोटीस लागली की आमच्या परळ-लालबागच्या चाळींतून पहिला फोन भंगारवाल्याला जातो आणि दुसरा टेम्पोवाल्याला. मधल्या चार दिवसांत पितळेचा बंब किलोवर जातो, हमाली नको म्हणून सागवानी दिवाण जिन्यात उभा राहतो आणि चिरा गेलेल्या प्लॅस्टिकच्या बादल्या मात्र ‘लागतील कधीतरी’ म्हणून भाड्याच्या खोलीत पोचतात. आमच्याकडच्या आणि शेजारच्या इमारतींतली बरीच घरं रिकामी करायला मी हात लावलाय. चूक सगळीकडे एकच दिसली: वस्तू पुढे कोण वापरणार हे ठरायच्या आधीच ती उचलली जाते. एकदा घाई झाली की सगळंच भंगार दिसायला लागतं.

खालचा क्रम सहा आठवडे धरून लिहिलाय. हातात दोनच आठवडे असतील तर टप्पे गाळू नका, प्रत्येकाचे दिवस कापा. आणि नोटीस जुलै-ऑगस्टमध्ये आली असेल तर कापडाचा टप्पा (चौथा) सगळ्यात आधी घ्या. ऊन पडेल त्या दिवशी गाद्या बाहेर काढाव्या लागतात, तुमच्या सोयीने ऊन पडत नाही.

टप्पा १: आधी करारनामा वाचा, मग पाना-पक्कड घ्या

घर तुमचं असलं तरी त्यातली प्रत्येक वस्तू तुम्हाला नेता येते असं नाही. बिल्डरबरोबरच्या बहुतेक करारांत मोडीच्या मालावर बिल्डरचा हक्क लिहिलेला असतो. दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल, ओट्याचा कडप्पा, फरशी हे सगळं त्यात येतं. पंखे, ट्यूबलाइट, गीझर, सुटी कपाटं, ट्रॉल्या, पाण्याचं पिंप या वस्तू सहसा तुमच्याच. मधल्या वस्तूंवरून भांडणं होतात. भिंतीत ठोकलेलं शोकेस घ्या, किंवा माळ्याच्या सागवानी फळ्या. म्हणून सेक्रेटरींना विचारा, आणि उत्तर दोन ओळींत का होईना, लेखी घ्या. ‘घ्या हो, कोण विचारतंय’ हे उत्तर नाही.

दारं-खिडक्या न्यायची परवानगी मिळाली तरी त्या शेवटच्या दिवसापर्यंत जागेवरच राहू द्या. आमच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने गिऱ्हाईक चांगलं मिळालं म्हणून मुख्य दार आठ दिवस आधी काढलं. मग चादर बांधून, घरातलं कोणीतरी आळीपाळीने जागं राहून ते आठ दिवस काढले. दाराचे पैसे आले, झोप गेली.

जुनं लाकूड सुताराकडे द्यायचं असेल तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या फळीत डोकं तुटलेले खिळे लपलेले असतात. वरून दिसत नाहीत, पण चुंबक अडखळतो. तिथे खडूने फुली मारा. रंध्याचं पातं एकदा खिळ्यावर गेलं की सुतार तुमचं लाकूड पुन्हा हातात घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

सावधान: जुन्या दारावरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. ओल्या पॉलिशपेपरने, घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून घासा.

सावधान: गच्चीवरचे किंवा गॅलरीवरचे जुने सिमेंटचे पत्रे ‘गावच्या गोठ्याला होतील’ म्हणून कापू किंवा फोडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. ते आहेत तसे सोडा आणि पाडकाम करणाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवा.

टप्पा २: वही करा, पण वापरणाऱ्याच्या नावाने

यादी सगळेच करतात: कपाट एक, टेबल एक, पातेली नऊ. अशा यादीचा उपयोग फक्त हमालांना होतो. वहीत चार रकाने आखा: वस्तू, माप आणि स्थिती, पुढे कोण वापरणार, कोणत्या तारखेला जाणार. तिसरा रकाना रिकामा असेल तोवर वस्तू जागची हलवायची नाही.

सुरुवात माळ्यापासून करा. डोळ्यांसमोरच्या वस्तूंचं काहीतरी होतंच, घोळ माळ्यावरच्या वस्तूंचा असतो. एका रविवारी माळा पूर्ण खाली उतरवा, सतरंजीवर मांडा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. या एका गोष्टीवर मी हटून बसतो. आमच्याकडे एक जड लोखंडी सांगाडा मी भंगारात लिहिला होता. आईने पाहिलं आणि म्हणाली, ‘अरे, हा मशीनचा पाय-स्टँड. वरची मशीन मावशीकडे आहे ना, ती टेबलावर ठेवून हाताने फिरवते.’ महिनाभरात मशीन आणि पाय पुन्हा जोडले गेले. पट्टा तेवढा नवा घ्यावा लागला.

तिसऱ्या रकान्यात ‘आपणच’ लिहायचं असेल तर एक अट ठेवा: नव्या जागेत ती वस्तू कुठे राहणार आणि पहिल्यांदा कधी वापरणार, दोन्ही सांगता आलं पाहिजे. ‘गणपतीत मखरामागे लावायला’ हे उत्तर चालेल. ‘असू दे’ हे चालणार नाही.

माप घेताना वस्तूबरोबर वाटही मोजा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. नव्या इमारतीच्या लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, घराच्या दाराची रुंदी, तिन्ही टेपने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चाळीच्या लाकडी जिन्यावरून दोरीने वर चढवलेलं कपाट टॉवरच्या लिफ्टमध्ये बसत नाही आणि जिन्याला वळायला जागा नसते. मग ते पार्किंगमध्ये राहतं आणि तिसऱ्या दिवशी वॉचमन ते हलवायला सांगतो.

तपासणी: पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिसरा रकाना किती रिकामा आहे ते बघा. अर्ध्याहून जास्त रिकामा असेल तर शेजाऱ्यांना, नातेवाइकांना आताच विचारा. बांधाबांध सुरू झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

टप्पा ३: देण्याआधी साफ करा, साफ करण्याआधी तपासा

लोक आधी पुसतात आणि मग तपासतात. उलटं करा. पुसल्यावर किडीच्या खुणा निघून जातात.

लाकडी आणि गादीच्या वस्तूंत पहिली शंका ढेकणांची. दिवसा ते दिसत नाहीत. टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. दिवाणाच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत, गादीच्या शिवणीच्या पट्टीत कार्डाची कड फिरवा. कडेला काळे बारीक ठिपके आले तर ती त्यांची विष्ठा, फिकट पापुद्रे आले तर टाकलेली कात. नुसत्या फवाऱ्याने काम होत नाही, अंडी उरतात. कव्हरं, चादरी उकळत्या पाण्यात घाला, सांध्यांत वाफ मारा, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोवर ती वस्तू कोणालाही द्यायची नाही, वहीत लाल खूण. ढेकूण लागलेला दिवाण प्रेमाने भाच्याला देणाऱ्या माणसाचं पुढे त्या घरात कसं स्वागत होतं ते मी पाहिलंय.

लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. किड्याची वस्तू औषध भरून वाचू शकते. वाळवीने पोखरलेली फळी वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. प्लायचं फर्निचर पावसात एकदा फुगलं की पुन्हा बसत नाही, त्यावर सनमायका मारून कोणाच्या गळ्यात बांधू नका.

पितळ आणि तांबं किलोवर घालवण्याआधी दोनदा विचार करा. मोडीचा भाव आणि तसंच पातेलं नवं घ्यायला लागणारे पैसे यांत मोठं अंतर असतं. कल्हई उडालेलं पितळी पातेलं वाया गेलेलं नसतं, त्याला फक्त कल्हई हवी असते. ती नसताना त्यात चिंच, कोकम, ताक, टोमॅटोचं काही करायचं नाही. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो, पण भांडी बाजारात विचारलं की पत्ता मिळतो. पातेलं परत घेताना आतून उजेडात फिरवून बघा. कडा आणि बूड, दोन्हीकडे सलग पांढरी चमक हवी. मधे पिवळा डाग राहिला असेल तर तिथल्या तिथे पुन्हा करून घ्या.

काचेच्या बरण्या प्रत्येक घरात तीस-चाळीस निघतात. लेबल कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून काढा, उरलेला डिंक खोबरेल आणि खायचा सोडा चोळून जातो. लोणच्या-मुरंब्यासाठी बरणी उकळायची असेल तर पातेल्याच्या बुडाशी फडकं घाला, बरणी गार पाण्यात ठेवा आणि पाणी तिच्यासकट तापू द्या. उकळत्या पाण्यात गार बरणी सोडली की तडकलीच. दहा मिनिटं उकळली की कापडावर उपडी, मग उन्हात कोरडी ठणठणीत. चूक होते ती झाकणात. जुन्या झाकणाच्या आतल्या अस्तरात आधीच्या मसाल्याचा वास राहतो, आणि पत्र्याचं झाकण लोणच्याच्या मिठाने गंजतं. बरणी जुनी चालेल, लोणच्याला झाकण नवं घ्या.

पुनर्वापराच्या उत्साहात पुढे देऊ नयेत अशा वस्तू:

– गॅसची नळी. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. सिलिंडर आणि रेग्युलेटर तर तुमचे नाहीतच, ते एजन्सीच्या कागदांवरूनच हलतात.
– एकदा आपटलेलं हेल्मेट. बाहेरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो.
– रंगाचे, औषधांचे, केमिकलचे डबे. झाडं लावा, भंगार भरा, पण पिण्याचं पाणी आणि धान्य त्यांत नको.
– पाण्याच्या पातळ प्लॅस्टिक बाटल्या. गरम पाणी, तेल, लोणचं यांसाठी त्या बनलेल्याच नाहीत.
– उरलेल्या गोळ्या-औषधं. वॉचमनच्या आईला ‘तुम्हालाही बीपी आहे ना’ म्हणून दिलेली पट्टी ही मदत नव्हे.

प्रेशर कुकर देता येतो, पण रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवे घालून. शिट्टीच्या जागी भलतीच शिट्टी बसवलेला कुकर द्यायचा नाही.

टप्पा ४: कापड आणि कापूस

या टप्प्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात आणि लोक सगळ्यात कमी देतात.

कपड्यांचे तीन ढीग करा आणि त्यांत भेसळ होऊ देऊ नका. पहिला, जसेच्या तसे घालता येतील असे. दुसरा, विरलेलं सुती कापड. तिसरा, बाकीचं सगळं सिंथेटिक आणि फाटकं. पहिला ढीग देण्यासाठी किंवा बोहारणीसाठी, दुसरा घरात गोधडी आणि पुसण्याच्या फडक्यांसाठी. तिसऱ्याचा खरा वापर बांधाबांधीत आहे. काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू गुंडाळायला बबलचा गुंडाळा विकत आणू नका, जुन्या नायलॉनच्या साड्या त्याहून बऱ्या. वस्तू पोचल्यावर मात्र त्यांना माळा दाखवू नका.

गोधडीचं गणित सोपं आहे. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक दोन मीटरचा, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यात निघाले. सहावारी साडे पाच मीटरची, तिच्यात जेमतेम अडीच थर, म्हणून दोन साड्या घ्या. क्रम असा:

१. साडीचा फॉल उसवा. फॉल ठेवून शिवलं तर पहिल्या धुण्यात तो आक्रसतो आणि गोधडी एका बाजूला ओढली जाते.
२. खळ निघेपर्यंत गरम पाण्यात धुवा. रंग जाणारी साडी वेगळी ठेवा आणि तीच मधल्या थरात घाला.
३. काठ कापून बाजूला ठेवा, शेवटी कडेला लावायला तेच लागतात.
४. जमिनीवर थर पसरा, हाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा, मग मोठ्या टाक्यांनी कच्चं शिवा. पुष्कळजण हे कच्चं शिवणं टाळतात आणि शेवटी मधे फुगा राहतो.
५. धावदोरा कडेकडून मध्याकडे न्या. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे.
६. काठाची पट्टी लावा, कच्चा दोरा काढा.

सिंथेटिक साडी मधे घालण्याचा मोह होतो. घालू नका. मुंबईच्या घामात अशी गोधडी अंगावर राहत नाही, आणि सुई त्या थरातून सरकते तेव्हा टाका सैल पडतो.

कापसाच्या गाद्यांचं सांगतो. ढेकळं झालेली गादी लोक कचरापेटीशी उभी करून ठेवतात आणि नवी फोमची घेतात. आतला कापूस सहसा शाबूत असतो, फक्त दबलेला असतो. गादीवाला तो पिंजून पुन्हा भरून देतो. पण काम समोर करून घ्या आणि वजनाची वही ठेवा. खोळ उसवली की कापसाचं वजन करा. पिंजताना धूळ आणि बारीक चुरा जातो, त्यामुळे थोडी घट होणारच. जुन्या कापसात हात घालून मूठ वळा. मूठ उघडल्यावर कापूस हळूहळू फुलला तर तो पिंजण्याजोगा. पिठासारखा चुरा हाताला लागला तर त्यात पैसे घालू नका, फार तर लोड-तक्क्यांना वापरा. ओलसर वास असेल तर आधी सलग तीन कडक उन्हं, मग पिंजण. ओला कापूस पिंजला तर महिनाभरात पुन्हा ढेकळं.

तपासणी: टाके घालून झालेली गादी जमिनीवर पसरून तिच्यावरून गुडघ्याने चालत जा. गुडघा फरशीला लागेल तिथे कापूस कमी पडलाय. गादीवाला निघायच्या आधी हे करा.

टप्पा ५: विजेची आणि फोनची सामग्री

नियम एक: वस्तू ज्याला द्यायची त्याच्यासमोर चालवून दाखवा आणि तिचे सगळे भाग त्याच वेळी द्या. मी एकदा मिक्सर दिला आणि चटणीचं भांडं माळ्यावरच्या डब्यात राहिलं. तीन महिने तो मिक्सर त्या घरात नुसता शोभेला होता. देण्याआधी भांड्यात पाणी घालून अर्धा तास ठेवा. बुडाखाली ओल आली तर बुश गेलाय, आणि त्याचा खर्च फारसा नसतो.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनबरोबर आलेले लांब बोल्ट सापडले तर हलवण्याआधी मागच्या भोकांत बसवा. त्याशिवाय टेम्पोत ड्रम आपटतो. फ्रिज एक दिवस आधी बंद करून पाणी काढा, उभाच न्या, पोचल्यावर चार-पाच तास तसाच ठेवून मग चालू करा. बंद पडलेला फ्रिज गॅलरीत कपाट म्हणून वापरायचा असेल तर त्याची कडी आधी काढा. लहान मूल आत जाऊन दार लागलं तर आतून उघडत नाही.

फोनचा क्रम चुकला की फोन पुढच्या माणसाच्या काही कामाचा राहत नाही. असं करा:

१. फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप नव्या फोनवर आला का ते उघडून पाहा.
२. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स नव्या फोनवर सुरू झाली की जुन्यावरून काढा.
३. गूगल किंवा ॲपलचं खातं सेटिंगमध्ये जाऊन फोनवरून हटवा.
४. मग फॅक्टरी रीसेट.
५. सिम आणि मेमरी कार्ड काढा, बिल सापडलं तर फोनबरोबर द्या.

तिसरी पायरी गाळून चौथी केली तर फोन सुरू होताना तुमचाच पासवर्ड मागत राहतो. आणि जुना फोन घेणारे तुम्ही असाल तर पैसे देण्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय नंबर पाहा, केवायएम, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर मेसेज पाठवा. नंबर काळ्या यादीतला असेल तर उत्तरात कळतं.

टप्पा ६: देणं

वस्तू देताना लोक ‘कोणाला काही हवंय का’ असा मेसेज ग्रुपवर टाकतात. त्याला उत्तर येत नाही, आलं तर चुकीचं येतं. फोटो, मापं, दोष, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि न्यायची शेवटची तारीख, एवढं एका मेसेजमध्ये हवं. उदाहरण: ‘लोखंडी कपाट, साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, उजवं दार दाबून लावावं लागतं, लॉकरची किल्ली आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. रविवारी दुपारी चारपर्यंत स्वतः न्यायचं.’ दोष लिहिला की गिऱ्हाईक पळतं असं वाटतं. खरं तर न लिहिल्यावर ते जिन्यावरून माघारी जातं.

कपाट देण्याआधी चोरकप्पा, लॉकरच्या मागची फट आणि खणांखालचे जुने पेपर उचलून बघा. ठेवीच्या पावत्या, मंगळसूत्राचे मणी, रेशनकार्डाची जुनी प्रत, सगळं तिथेच निघतं.

पुस्तकांचं: ग्रंथालयं सरसकट पेट्या घेत नाहीत. आधी यादी पाठवा, ते निवडतील. शाळा-कॉलेजची पुस्तकं जूनच्या आधी बाहेर काढा आणि अभ्यासक्रम तोच आहे का पाहा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले हाच प्रश्न पहिला विचारतात. कादंबऱ्या आणि जुने दिवाळी अंक असतील तर फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या विक्रेत्यांना दाखवा. वाळवी लागलेलं एक पुस्तकसुद्धा पेटीत नको.

संस्थेला कपडे देणार असाल तर आधी फोन करून सध्या काय हवंय ते विचारा. फाटकी अंतर्वस्त्रं आणि चेन नसलेल्या पँटी पाठवणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या हमालीने हलवणं.

सोसायटीच्या गेटवर वस्तू बाहेर नेण्याची चिठ्ठी आदल्या दिवशी द्या. नाहीतर तुम्ही दिलेली सायकल घेऊन जाणारा मुलगा चोर ठरतो, आणि तो तुमच्या घरी पुन्हा पाऊल टाकत नाही.

टप्पा ७: विकणं

जुनं सागवानी किंवा शिसवी फर्निचर असेल तर किमान दोन ठिकाणी फोटो दाखवा. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये जुनं घेऊन दुरुस्त करून विकणारे आहेत. घड्याळं, दिवे, पितळी कड्या, जुने आरसे यांसाठी भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार, पण शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात. आधीच पॉलिश मारून नेऊ नका. जुन्याचा भाव जुनेपणाचा असतो, तुमच्या चकचकीत पॉलिशने तो उतरतो.

बोहारीण अजून ज्या वस्त्यांत येते तिथे तिच्याशी व्यवहार जरूर करा, पण सगळं गाठोडं एकदम तिच्यापुढे सोडू नका. ती आधी कॉलर बघते, मग पँटचं बूड, मग साडीची जर. भांडं आधी ठरवा, मग एकेक कपडा वाढवत जा. उलटं केलंत तर गाठोडं जातं आणि हातात चहाची गाळणी राहते. ती उठून जिन्यापर्यंत जाईल, परतही येईल. हा व्यवहाराचा भाग आहे, घाबरू नका.

सावधान: ऑनलाइन विकताना कोणी ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

टप्पा ८: आता भंगारवाला

वहीत तिसरा रकाना अजून रिकामा आहे अशा वस्तूच इथे येतात. त्याही वेगवेगळ्या करून ठेवा: लोखंड, पत्रा, स्टील, ॲल्युमिनियम, तांबं-पितळ, कडक प्लॅस्टिक, रद्दी. एकत्र ढिगाला सगळ्यात स्वस्त वस्तूचा भाव मिळतो. आणि वेगळं असेल तर पुढे धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी हाताने निवडणाऱ्यांचे कष्टही वाचतात. काट्यावर आधी तुमची ओळखीची वस्तू ठेवून बघा, पाच किलोची पिठाची न फोडलेली पिशवी उत्तम.

रद्दीत आधार, पॅन, पासबुकं, शाळेचे दाखले यांच्या झेरॉक्स जाऊ देऊ नका. बसून फाडा, मग बादलीत भिजवा. एका संध्याकाळचं काम आहे.

वायरींचं तांबं काढायला त्या जाळू नका, जाळू देऊ नका. धूर विषारी असतो. बिघडलेले टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर हे ई-कचऱ्यात. त्यासाठी २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर परत घेण्याची जबाबदारी आहे, म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरून जवळचं संकलन केंद्र शोधा. इन्व्हर्टरची बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानातच द्या, ते ती वजावटीत घेतात. तिच्यातलं पाणी मोरीत ओतून हलकी करण्याचा शहाणपणा नको, ते ॲसिड असतं. जुन्या ट्यूब आणि सीएफएल फोडू नका, आत पारा असतो. खोक्यात घालून ई-कचऱ्याबरोबरच द्या.

तोडफोडीचा राडारोडा पदपथावर ठेवून जाऊ नका. महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर विचारलं तर तो उचलण्याची सोय सांगतात.

टप्पा ९: शेवटचा दिवस

खोली रिकामी झाली की दिवे जातात, म्हणून टॉर्च खिशात असू द्या. माळ्याचा मागचा कोपरा, मोरीवरची फळी, दारामागचे हूक, देव्हाऱ्याच्या खालचा खण बघा. कुंड्या टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा आणि आदल्या दिवसापासून पाणी घालू नका, ओल्या मातीचं वजन हमालांना विचारा.

छताला टांगलेल्या कपडे वाळत घालायच्या दांड्या आणि त्यांच्या कप्प्या मात्र आधी काढू नका. शेवटच्या रात्रीचे ओले कपडे त्यांच्यावरच वाळणार असतात. सकाळी स्टुलावर चढून त्या काढा, दोऱ्या कापू नका, गाठी सोडून गुंडाळा आणि सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी स्वतःच्या हातात ठेवा. नव्या खोलीत संध्याकाळी गॅस लागायच्या आधी त्यांची गरज पडते, आणि तेव्हा हार्डवेअरचं दुकान कुठे आहे हे माहीत नसतं.